पेट्या उघडण्याआधी: खेड्यातल्या हायस्कुलात डिझाइन आणि तंत्रज्ञान कसं शिकवावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या अनुदानित हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या मॅडमकडे यंदा आठवी-नववीच्या डिझाइन, तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकीच्या तासिका आल्या आहेत. आठवड्याला दोन तासिका, वर्गात पन्नासच्या वर पोरं, सरकारी योजनेतून आलेल्या टिंकरिंग लॅबच्या, म्हणजे यंत्रं जुळवून शिकायच्या साहित्याच्या पेट्या कपाटात, कपाटाची किल्ली हेडसरांकडे, आणि मॅडमनी स्वतः आजवर करवत हातात धरलेली नाही. त्या विचारतात, सुरुवात आर्डुइनोपासून (सेन्सर जोडून प्रोग्रॅम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) करू की थ्रीडी प्रिंटरपासून?

मॅडम, दोन्हीपासून नको. वर्षभरात पोरांकडून तीनच वस्तू करून घ्या, पण प्रत्येक वस्तू दोनदा. पहिली वस्तू करायची, ती खऱ्या माणसाच्या हातात द्यायची, ती कुठे नडते ते मोजायचं, आणि मग तीच वस्तू नव्यानं करायची. माझ्या मते या विषयाचा खरा अभ्यास पहिल्या आणि दुसऱ्या वस्तूच्या मधल्या काळात होतो. बहुतेक शाळा पहिली वस्तू झाली की थांबतात, कारण तोवर तालुक्याची प्रदर्शनी आलेली असते.

प्रदर्शनीतले नमुने तुम्ही पाहिलेच असतील. इंजेक्शनच्या सिरिंजचा जेसीबी, थर्माकोलचं स्मार्ट व्हिलेज, पाण्याची टाकी भरली की वाजणारा भोंगा. सगळे यूट्यूबवरून घेतलेले, आणि अर्ध्याहून जास्त पालकांनी केलेले. त्यात हात थोडाफार चालतो, पण पोरानं स्वतः घेतलेला निर्णय एकही नसतो. 'ही नळी एवढीच लांब का?' असं विचारा, पोरगं तुमच्या तोंडाकडे पाहत राहतं. ज्या वस्तूबद्दल 'का' या प्रश्नाला पोराकडे उत्तर नाही, ती हस्तकला झाली. वाईट नाही, पण तो आपला विषय नाही.

निर्णय घ्यायला शिकवायचं तर आधी अटी लिहायला शिकवा. यासाठी मी वर्गात कायम एकच उदाहरण देतो. १९२९ साली अखिल भारत चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. चरखा खेड्यातल्या साध्या घरात हातानं किंवा पायानं चालला पाहिजे, बाईला आठ तास फारसे कष्ट न पडता चालवता आला पाहिजे, किंमत दीडशे रुपयांच्या वर जाता कामा नये, आणि वेळच्या वेळी दुरुस्ती केली तर वीस वर्षं टिकला पाहिजे, अशा त्याच्या अटी. चरखा दिसावा कसा, यावर भर नाही. कोण चालवणार, किती वेळ, किती पैशांत, किती वर्षं, एवढंच आहे. पोरांना म्हणावं, आपल्या वस्तूच्या अशाच पाच अटी लिहा, आणि प्रत्येक अटीत एक तरी आकडा हवा. 'हलकी असावी' चालणार नाही, 'एक किलोच्या आत असावी' चालेल. हा एक तास नीट झाला की पुढचं निम्मं काम सोपं होतं.

आपण विदर्भातले असून या गोष्टी बाहेरून शिकतो याची मला मौज वाटते. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यालाच शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि हातानं काम करत शिकायची नयी तालीम सेवाग्रामातून देशभर गेली. पुढे सरकारी शाळांत तिची टकळी आणि सूतकताईची वही झाली, हे खरं. पण मूळ विचार आजही आपल्यापासून एसटीच्या अंतरावर, वर्ध्यालाच आहे. तिथलं ग्रामोद्योगाचं मगन संग्रहालय पाहायला पोरांना एकदा न्याच.

आता पहिली वस्तू. शाळा आपल्याकडे जूनच्या शेवटी सुरू होते, आणि त्यानंतरचा मोठा सण पोळा. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लहान पोरं लाकडी नंदी सजवून घरोघरी ओढत नेतात. म्हणून आठवीला पहिली वस्तू द्या नंदीचा चाकांचा पाट. नंदी करायचा नाही, फक्त खालचा पाट, चार चाकं आणि दोन आस. अट एकच मोजा: उतारावरून सोडला तर खडूच्या रेषेवर दोन मीटर सरळ गेला पाहिजे.

पोरं पहिल्या खेपेला बहुधा सागाच्या किंवा बाभळीच्या ओल्या फांदीच्या चकत्या कापून आणतात. कापू द्या. काही दिवसांत त्या चकत्या परिघापासून मध्यापर्यंत तडकतात, कारण लाकूड वाळताना परिघाच्या दिशेनं जास्त आकसतं आणि मध्याकडे कमी. हे फळ्यावर आधी सांगू नका, तडकलेलं चाक हातात आलं की सांगा. मग प्रश्न येतो छिद्राचा. छिद्र मध्यावर नसलं की पाट डुलत चालतो. चकतीचा मध्य काढायला दोन जीवा आखायच्या आणि त्यांचे लंबदुभाजक काढायचे, हे नववीच्या भूमितीत आहेच. भूमितीच्या सरांना त्या दिवशी वर्गात बोलवा, त्यांनाही बरं वाटतं. चाकं नीट बसली तरी पाट एका बाजूला जातो, तेव्हा दोन्ही आसांमधलं अंतर डावीकडे आणि उजवीकडे मोजायला लावा. फरक दोन-तीन मिलिमीटरचा निघतो, आणि तेवढ्यानं पाट रेषा सोडतो हे पोरांना पटकन दिसतं. आसाला सहा मिलिमीटरची सळई घेतली तर छिद्र किती ठेवायचं, सहाच ठेवलं तर का अडकतं, आठ ठेवलं तर का खडखडतं, हे सगळं या एका खेळण्यात येतं. दुसरा पाट पोळ्याच्या आधी झाला पाहिजे, म्हणजे घाई आपोआप होते.

मापाबद्दल एक सांगून ठेवतो. पुस्तकात मिलिमीटर आहे, गावातला वाढई, म्हणजे सुतार, सुतात बोलतो. एक इंच म्हणजे आठ सूत, एक सूत म्हणजे ३.१७५ मिलिमीटर. पोरांना दोन्ही यायला हवं. वाढईला वर्गात बोलवलं आणि तो म्हणाला 'दीड सूत घासा', तर पोरांनी साधारण पावणेपाच मिलिमीटर हे तोंडी काढलं पाहिजे. आणि हो, वाढईला, लोहाराला, रस्त्यावरच्या वेल्डिंगवाल्याला, मोटारीचं वायंडिंग भरणाऱ्याला बोलवाच. तुम्ही करवत धरली नाही म्हणता, तर तुमचे शिक्षकही तेच. दोन शनिवार त्यांच्याकडे बसून रंधा, पटाशी, गुण्या, कानस आणि हॅक्सॉ चालवून घ्या. त्यांना नुसता चहा पाजून परत पाठवू नका, बुडालेली मजुरी द्या.

दुसरी वस्तू नववीसाठी, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त शिकवणारी: टोबणीची नळी. कपाशीचं बी टोबायला, म्हणजे एकेक दाणा मातीत खोचायला, बाया दिवसभर वाकलेल्या असतात. चार बाय दीड फुटाची लागवड असेल तर एकराच्या ४३,५६० चौरस फुटांना सहानं भागा, ७,२६० येतात. म्हणजे एका एकरात ७,२६० वेळा वाकायचं. हा भागाकार पोरांनाच करू द्या, वर्ग एकदम शांत होतो. त्यांच्यातल्या अर्ध्यांच्या आया हेच काम करतात.

शाळा सुरू होते तेव्हा बहुतेक पेरा झालेला असतो, पण त्याच सुमारास नांग्या भरायचं, म्हणजे बी उगवलं नाही तिथे पुन्हा टोबायचं काम चालू असतं. तेव्हा पोरांना वहीपेन्सिल देऊन बांधावर न्या. काही बनवायचं नाही, फक्त पाहायचं, मोजायचं आणि विचारायचं. वस्तू दिवाळीनंतर करायची आणि पुढच्या जूनमध्ये वापरायची. नोव्हेंबर-डिसेंबरात कापूस वेचायला जाणारी पोरं गैरहजर राहतात हे आधीच धरून गट करा. चौघांच्या गटात वेचणीला जाणारं एकाहून जास्त पोरगं नको.

साहित्य साधं आहे. पीव्हीसी पाइप, पाण्याच्या बाटलीचं कापलेलं तोंड नरसाळ्यासाठी, जुनी सायकल ट्यूब, थोडी लोखंडी पट्टी. पहिली नळी सगळे सारखीच करतात: सरळ पाइप, वर नरसाळं. उंची अंदाजानं ठरवलेली. मग गावातल्या दहा-बारा बायांची जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजायला लावा. मुलींना मोजू द्या, ते काम सहज होतं. सरासरी काढली की पोरं खूश होतात, सरासरीला पाइप कापतात. इथे थांबवून विचारा, सरासरीहून बुटक्या बाईचं काय? तिला दिवसभर कोपर वर उचलून धरावं लागेल. मग कुणीतरी म्हणतं, लहानमोठी होणारी नळी करू. पंचवीस मिलिमीटरच्या पाइपात वीसचा सरकतो, मध्ये छिद्रं पाडून बोल्ट घालता येतो.

इथे एक बारीक गंमत आहे. पोरं हमखास जाड पाइप वर आणि बारीक पाइप खाली ठेवतात, कारण तसं दिसायला बरं दिसतं. मग बी बारीक पाइपच्या काठावर अडकून बसतं. उलटं केलं, बारीक वर आणि जाड खाली, की बी कुठेच अडकत नाही. हे त्यांना सांगू नका. बी अडकलं की पाइप उन्हाकडे धरून आत पाहायला सांगा, काठावर बसलेला दाणा दिसतो. कुठला पाइप कशात घालायचा एवढा साधा निर्णय, पण तो पोरानं स्वतः घेतलेला असतो.

चाचणीला कपाशीचं पाकीटातलं बी देऊ नका. त्याला औषध चोळलेलं असतं. तूर किंवा मक्याचे दाणे घ्या. मैदानावर दहा मीटरची ओळ आखा, एकदा वाकून टोबा, एकदा नळीनं. वेळ, चुकलेले दाणे आणि दोन दाण्यांतलं अंतर लिहा. मैदान कोरडं असतं, तिथे नळी झकास चालते. मग काळ्या मातीचा वाफा ओला करून तिथे चालवा, पाचव्या-सहाव्या खड्ड्याला टोकात चिखलाचा बुच बसतो. टोक तिरकं कापणारे निघतात, ट्यूबची झडप लावणारे निघतात, खड्डा करायला वेगळी खुंटी जोडणारेही निघतात. तिन्ही करू द्या, तिन्ही मोजा.

आणि शेवटी नळी बाईच्या हातात द्या. माझ्या वर्गातल्या पोरांनी एकदा शेजारच्या शेतातल्या बाईला नळी दिली. तिनं चार-पाच ठिकाणी चालवली आणि म्हणाली, 'चांगली हाय रे, पर एक हात इथं अन् ओटीतलं बी काढाले दुसरा. मंग माती लोटाले तिसरा हात कुठून आणू बापा?' पोरांनी उंची मोजली होती, वजन मोजलं होतं, हात मोजले नव्हते. वाकून टोबताना बाई त्याच हातानं बी टाकते आणि त्याच हातानं माती लोटते, हे बांधावर पाहिलेलं असूनही कुणाच्या वहीत नव्हतं. दुसऱ्या नळीला त्यांनी टोकाशी एक आडवी पट्टी लावली, नळी पुढे सरकवताना ती माती ओढून घेते. एका गटानं वर बाटली लावून बी आपोआप पडेल असं केलं, तर एका वेळी पाच-पाच दाणे पडू लागले. एकच दाणा पाडणं हा पेरणी यंत्रांतला अवघड प्रश्न आहे, तो नववीत सुटला नाही तरी चालतं. किती पडले ते लिहिलं पाहिजे.

आता तुमच्या पेट्या. इलेक्ट्रॉनिक्स मी तिसऱ्या वस्तूला ठेवतो, तोवर पोरांना मोजायची सवय लागलेली असते. मातीतला ओलावा मोजणं हा आपल्याकडचा रास्त प्रश्न आहे. किटमध्ये बहुधा दोन पायांचा स्वस्त सेन्सर असतो. त्यातून सतत वीज सोडली की काही दिवसांत एक पाय गंजून खलास होतो, म्हणून वाचन घेतानाच वीज द्यायची हे कोडमध्ये लिहून घ्या. आर्डुइनो उनो ० ते १०२३ असा आकडा दाखवतं. पोरं तोच आकडा 'ओलावा' म्हणून पाटीवर लिहितात, तिथे पकडा. मातीचा एक डबा वजन करा, पूर्ण वाळवा, परत वजन करा. उडालेल्या पाण्याचं वजन भागिले वाळलेल्या मातीचं वजन, गुणिले शंभर. प्रयोगशाळेत १०५ अंशांवर भट्टीत वाळवतात, शाळेत तव्यावर मंद आचेवर वाळवलं तरी वर्गापुरतं भागतं. असे पाच-सहा डबे केले की आकडा आणि टक्का यांचा आलेख काढता येतो, आणि मगच त्या १०२३ ला अर्थ येतो. शिवाय आपली काळी माती वाळली की भेगाळते, सेन्सरच्या पायाशी फट पडते, आणि तो भलताच कोरडा आकडा दाखवतो. हे किट देणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकात नसतं, पोरांना मात्र माहीत असतं.

एक गोष्ट ठाम: बारा व्होल्टच्या वर वर्गात काहीही नाही. पोरं विहिरीवरचा मोटार स्टार्टर आणि ऑटो स्विच करायचा आग्रह धरतात, कारण रात्रीच्या लाइटला बाप उठून जातो. आग्रह रास्त आहे, पण तीन फेजला हात लावायचा नाही. फार तर छोट्या डीसी पंपावर नमुना करा.

थ्रीडी प्रिंटर शेवटी. नरसाळं प्रिंट करायला तास-दोन तास लागतात, बाटलीचं तोंड कापायला दोन मिनिटं. जो आकार बाजारात मिळत नाही, उदाहरणार्थ दोन वेगळ्या पाइपांमधली फट भरणारं कडं (बुश), त्यासाठीच तो लावा. पीएलए या प्लास्टिकच्या तारेपासून प्रिंट केलेली वस्तू साधारण ६० अंशांच्या आसपास मऊ पडते. मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये किंवा बंद गाडीत ठेवलेला भाग वाकडा झाला तर प्रिंटरला दोष देऊ नका. पावसाळ्यात त्याची तार ओल धरते, मग प्रिंट करताना तडतडते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

हेडसर किल्ली का देत नाहीत, ते मला माहीत आहे. डेडस्टॉक, म्हणजे शाळेच्या कायम वस्तूंची नोंद. वस्तू तुटली की रजिस्टरात कोण सही करणार, ही भीती. अटल टिंकरिंग लॅबचं अनुदान वीस लाखांचं, त्यात दहा लाख उभारणीला आणि दहा लाख पाच वर्षांच्या चालवणुकीला असतात. म्हणजे साहित्य झिजणार हे योजनेतच धरलेलं आहे. हॅक्सॉची पानं, ड्रिलचे बिट, एलईडी, वायर, प्रिंटरची तार यांचं उपभोग्य साहित्याचं रजिस्टर वेगळं करा, दर महिन्याला हेडसरांची सही घ्या. कागद नीट असला की कपाट उघडतं. तोवर करवत, हातोडी, टेप, गुण्या आणि सामता (हातानं छिद्र पाडायचं अवजार) एवढ्यावर पहिल्या दोन वस्तू होतात.

अवजारांसाठी भिंतीवर फळी लावा आणि प्रत्येक अवजाराची बाह्यरेषा त्यावर रंगवा, काय गायब आहे ते दारातूनच दिसतं. ओढणी कमरेला बांधलेली, केस बांधलेले, पायात बूट नाही तर निदान बंद चप्पल, कापताना चष्मा. ग्राइंडर पोरांच्या हातात नाही. आणि लक्ष ठेवा, दुसऱ्या आठवड्यापासून करवत मुलांकडे आणि झाडू मुलींकडे जातो. गटात दर तासिकेला कामं फिरवा, यादी फळ्यावर लिहा. तासिका सलग मागून घ्या. पस्तीस मिनिटांत अवजारं काढून ठेवण्यातच वेळ जातो.

पुण्याजवळच्या पाबळला विज्ञान आश्रम आहे, डॉ. एस. एस. कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला. तिथला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम राज्यातल्या अनेक शाळांत चालला: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. खेड्यातल्या शाळेनं गावाला सेवा देत शिकायचं, हा त्याचा कणा. जमलं तर एकदा जाऊन या, तिथली वर्कशॉप पाहिली की बऱ्याच शंका मिटतील.

गुण देताना वस्तू किती चकचकीत आहे हे पाहू नका. प्रत्येक पोराची एक वही असू द्या, रेषांची नाही, चौकटीची. तारीख, मिलिमीटरमधली आकृती, चाचणीचे आकडे, काय मोडलं, का मोडलं. पहिल्या वस्तूला दहापैकी तीनच गुण ठेवा. दुसऱ्या वस्तूत काय बदललं आणि कोणत्या आकड्यावरून बदललं, त्याला पाच. उरलेले दोन तोंडी: वस्तू हातात घ्यायची, कुठल्याही एका भागावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, 'हा एवढाच का?' वाढईनं केलेली आणि बापानं केलेली वस्तू या एका प्रश्नावर उघडी पडते. पन्नास पोरांची तोंडी घ्यायला दोन आठवडे लागतात, ते वेळापत्रकात आत्ताच धरून ठेवा.